शेकडा साडेतीन

ठाणे, रविवार, ता. ८ जुलै १८९४

सिद्ध करावयाचे ते प्रथम लिहितो. माझा मुलगा परशुराम याने, सरकारी कागदाचे व्याज उतरणार हे ठाऊक असताना, तो कागद मला चढ्या भावाने घेऊ दिला. म्हणजे त्याने मला फसविले. ही प्रतिज्ञा.

तरुणपणी पुण्यास न्यायशास्त्र पढलो तेव्हा गुरुजींनी पहिला पाठ हाच दिला — काय सिद्ध करणार ते आधी सांगा. मग कारण द्या. मग दाखला. तो दाखला प्रस्तुत गोष्टीस लावून दाखवा. निकाल सर्वांत शेवटी. पुढे तीस वर्षे जिल्हा कोर्टात शिरस्तेदारी केली. तेथे वकील निकाल आधी सांगत आणि मग आरडाओरडा करीत. मी माझा क्रम सोडला नाही. पोटच्या मुलाच्या बाबतीतही सोडणार नाही.

वस्तुस्थिती अशी. माझी मुलगी तुळसा विधवा होऊन तीन वर्षांमागे कल्याणच्या सासरहून माहेरी परत आली. वय सव्वीस. मूलबाळ नाही. माझी पत्नी निवर्तली, माझे वय सहासष्ट, आणि माझी पेन्शन माझ्याबरोबर चितेवर जाणार. माझ्यामागे तुळसा कशावर जगेल? एवढा एकच प्रश्न आहे. बाकी सारा त्याचा विस्तार.

तिजपाशी होते ते सोने. गेल्या साली सरकारने लोकांच्या चांदीस टांकसाळ बंद केली. चांदी उतरली, सोन्याला रुपये अधिक येऊ लागले. म्हणून चैत्रात मी तिचे सोने विकावयास काढले आणि तीन हजारांच्या सरकारी प्रॉमिसरी नोटा, म्हणजे सरकारी कर्जाचा कागद, घेण्याचे ठरविले. व्याज शेकडा चार — वर्षास एकशेवीस, महिन्यास दहा रुपये. एका बाईस पुरेत. भाव मात्र शंभरास एकशेचार! म्हणजे पुऱ्या एका वर्षाचे व्याज वर मोजले. मोजले, कारण दहा रुपये जन्मभर येणार होते.

सोने विकणे आणि कागद घेणे ही दोन्ही कामे परशुरामाने केली. तो मुंबईस कोटात, म्हणजे किल्ल्याच्या भागात, एका दलालाच्या पेढीवर कारकून आहे. पेढीचा धंदाच सरकारी कागदाचा. बिऱ्हाड गिरगावात, शनिवारी ठाण्यास येतो.

आता सरकारचा जाहीरनामा निघाला आहे. चार टक्क्यांचा कागद फेडणार. ज्यास रोख हवी त्याने शंभरास शंभर घ्यावे. ज्यास कागद ठेवावयाचा त्याने साडेतीन टक्के पत्करावे.

तीन महिने! एवढ्यात हे घडते, आणि पेढीवरच्या माणसास त्याचा वासही नव्हता असे मी मानावयाचे?


सोमवार, ता. ९

तुळसेला जाहीरनाम्याचा मजकूर समजावून सांगितला. "दहाचे पावणेनऊ होतील." ती ताक घुसळीत होती. "बरं," म्हणाली. रवी थांबली नाही.


बुधवार, ता. ११

दुसऱ्याचा दोष सांगण्यापूर्वी स्वतःचे अनुमान तपासणे प्राप्त आहे. चैत्रात मी असा विचार केला होता: गरजवंत ऋणको व्याज उतरवू शकत नाही. सरकार गरजवंत आहे — रुपया घसरल्यापासून विलायतेस भरावयाची रक्कम दरसाल फुगते आहे, आणि वर्तमानपत्रे त्याचे रडगाणे रोज गातात. म्हणून सरकार व्याज उतरविणार नाही. वाचताना अजूनही निर्दोष वाटते!

ते घेऊन सकाळी खजिन्यात भाऊकडे गेलो. भाऊ तेथला जुना कारकून. वयाने माझ्याहून दहा वर्षे लहान, जिभेने दहा वर्षे मोठा. ऐकून घेतले आणि हसला.

"यज्ञेश्वरपंत, घेणाऱ्याची गरज पाहिलीत. देणाऱ्याची पाहिलीत का? मुंबईच्या बँकांत पैसा नुसता पडून आहे. पावसाळा — कापूस नाही, धान्य नाही, उचल कोण करणार? विलायतेत तर अडीच टक्के मिळाले तरी लोक देवापुढे साखर ठेवतात."

"विलायतेच्या व्याजाचा येथे काय संबंध?"

"अहो, वधूपित्यांसारखं आहे. गावात मुली पन्नास आणि बरा वर एकच. मग तो काळा असो नाहीतर बहिरा — हुंडा तोच सांगणार. पैसा म्हणजे त्या मुली. आणि बुडणार नाही असा वर एकच, तो म्हणजे सरकार! त्यात तिकडच्या मुलीही इकडे येऊ लागल्या."

मी हसलो नाही. दृष्टान्त मात्र बिनचूक होता. मी विचारले, "टांकसाळ बंद आहे. नवे रुपये पडत नाहीत. मग पैसा दुर्मीळ का होत नाही?"

"होईल की! मार्गशीर्षात कापसाच्या गाड्या निघू द्या, मग बघा बँका व्याज कसं चढवतात. तेव्हा हाच कागद खाली येईल. कागदाचा भाव आणि बाजारातलं व्याज ही एका तागडीची दोन पारडी आहेत, पंत. एक वर तर दुसरं खाली. सरकारनं मधला निवांत महिना बरोबर गाठला."

"परंतु सरकारने चार टक्क्यांचा शब्द दिला होता."

"यावच्चंद्रदिवाकरौ दिला होता का? आम्हांस वाटेल तेव्हा नोटीस देऊन मुद्दल परत करू, हेही त्याच कागदावर छापलं आहे. तुम्ही मोठी अक्षरं वाचलीत."

परत येताना मासुंदा तळ्याच्या काठाने हळू चाललो. दोष सापडला. जेथे अग्नी तेथे धूर असे म्हणून भागत नाही. लाकूड ओले असावे लागते. तसेच येथे. ऋणको गरजवंत असला तरी व्याज चढते ते पैसा दुर्मीळ असेल तर. ती ओल मी पाहिली नाही. मान्य.

परंतु याने परशुराम सुटत नाही, उलट अडकतो. जे ठाण्याच्या खजिन्यातल्या कारकुनास दिसते, ते कोटातल्या पेढीवर दिसले नसेल काय? मी पुस्तकावरून चुकलो. तो तर बाजारात उभा होता.


शनिवार, ता. १४. एकादशी.

संध्याकाळच्या गाडीने परशुराम आला. तुळसेसाठी राजगिऱ्याच्या लाडवांची पुडी. पाय धुऊन बसल्यावर विचारले.

"चैत्रात तुला ठाऊक होतं?"

"काय, अप्पा?"

"प्रश्नाला प्रश्न हे उत्तर नव्हे."

तो पुडीचा दोरा बोटाला गुंडाळीत राहिला. "पेढीवर बोलत होते."

"कोण?"

"सगळेच. शेट स्वतः आपला चार टक्क्यांचा कागद काढून टाकीत होते."

"आणि तू घेत होतास! बहिणीसाठी!"

"शेटनेच विकलेला तर नाही घेतलास?"

"अप्पा! बाजारातला घेतला. कुणाच्या घरचा होता ते मी कसं सांगू?"

"मला का सांगितलं नाहीस? मी येथेच होतो. तू आलास, नोटा ठेवल्यास, जेवलास, गेलास. एक वाक्य!"

"पेढीवरची गोष्ट घरी न्यायची नाही असा दंडक आहे. कळलं असतं तर नोकरी गेली असती."

"आणि तुळसेचं व्याज गेलं ते?"

त्याने माजघराच्या दाराकडे पाहिले. मग माझ्याकडे. "मी चुकलो म्हणा."

"म्हणा कशाला? चुकलास की नाही?"

"चुकलो, अप्पा."

बस्स! हेतू सिद्ध झाला. इतक्या चटकन मिळालेला कबुलीजबाब कोर्टात मी दोनदा वाचवून घेत असे. आज तशी इच्छा झाली नाही. शेटची मर्जी आणि बापाचा विश्वास अशी दोन पारडी त्याच्यापुढे होती. त्याने तोलून पाहिली.


रविवार, ता. १५

द्वादशीचे पारणे न करताच परशुराम गेला. मीच सांगितले — मी बोलावीपर्यंत शनिवारी येऊ नये. "बरं, अप्पा," एवढेच म्हणाला. वाद घातला असता तर मला बरे वाटले असते. याला लहानपणी इंग्रजी शाळेत घातला, वादाचे नियम शिकविले नाहीत. त्याचे फळ हे — न भांडता निघून जातो.

तुळसेने मांडलेला तिसरा पाट उचलून भिंतीशी उभा केला. माझ्याकडे पाहिले नाही.

"तुझ्याच नुकसानीबद्दल बोललो," मी म्हणालो.

"हो," ती म्हणाली. "भात निवतोय."


गुरुवार, ता. १९

परशुरामाचे पत्र नाही. लिहू नकोस असे मी म्हटलेले नाही, पण लिही असेही म्हटलेले नाही. पोस्टाचा शिपाई दिसताच आज ओटीवरून उठलो. तो पुढच्या घरी गेला. नोंद प्रामाणिकपणासाठी.


सोमवार, ता. २३

काळुराम येऊन गेला. खाडीकडे त्याची मिठागरे आहेत. दोन घोड्यांची गाडी ठेवतो आणि अनवाणी चालतो. एका आगराचा चौथा हिस्सा विकावयाचा आहे. मला कोर्टापासून ओळखतो.

"शास्त्रीबुवा, सरकारचा कागद चाटून प्वाट भरतं का? आज चार, उद्या सारेतीन, परवा तीन! माजं आगर घ्या. खालची नऊ रुपये शेकरा. वरची देवाची!"

"पावसाने बांध फुटला तर?"

"फुटतंच. कार्तिकान परत बांधताव. कागद भिजला तं काय बांधाल?"

"सरकारने मिठावरचा कर आणखी वाढविला म्हणजे?"

तो इतका हसला की ओटीवरची कबुतरे उडाली. "कर काय आमी भरताव? खानारा भरतं! तुमी भरतांव, शास्त्रीबुवा, रोजच्या आमटीन!"

युक्तिवाद ओबडधोबड, पण खोटा नाही. तीन महिन्यांच्या त्याच्या विक्रीच्या पट्ट्यांतले आकडे पाहिले. नऊ नाही तरी आठ सुटतील. विचार करून ठरविले: जाहीरनाम्याप्रमाणे शंभरास शंभर रोख घ्यावी आणि आगराचा हिस्सा घ्यावा. खरेदीखत माझ्या नावे होईल. जमिनीच्या व्यवहारात पुरुषाचे नाव सोयीचे. कोर्टकचेरी, सरकारी मीठखाते, बांधाचे मजूर — यांच्यापुढे विधवा कोठे उभी राहणार?

यास दाखला माझ्याच घरचा आहे. माझी थोरली बहीण आक्का विधवा होऊन आली तेव्हा तिचे पैसे मी शहाडजवळच्या भातजमिनीत घातले, माझ्या नावे. पुढे बावीस वर्षे ती याच घरात राहिली. जमिनीच्या उत्पन्नाचा हिशेब दर पाडव्यास मी तिजपुढे ठेवीत असे. दमडीचाही घोळ नाही. तिला काही कमी पडले असे कोणी म्हणू शकणार नाही. जो न्याय बहिणीस, तोच मुलीस.

काळुरामाला पुढच्या सोमवारी या, असे सांगितले. तुळसा पाणी घेऊन दारात उभी होती. तिने ऐकले असावे. बरेच झाले, पुन्हा सांगावयास नको.


शुक्रवार, ता. २७

नोटा घेऊन खजिन्यात गेलो. रोख मागण्याचा अर्ज माझ्याच हस्ताक्षरात लिहून नेला होता. भाऊने अर्ज वाचला, नोटा पाहिल्या, उलटल्या, आणि चष्मा काढला.

"पंत, रोख मिळेल. पण तुमची सही चालायची नाही."

"का?"

"नोटा तुमच्या नावे नाहीत." त्याने वरच्या नोटेची मागची बाजू मला दाखविली. तुळसाबाई कोम गोविंद — गोविंदाची बायको तुळसाबाई. शेरा स्वच्छ, रीतसर. सही करील तर तुळसा. व्याज घेईल तर तुळसा. "तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

"ठाऊक होतं," मी म्हणालो. भाऊशी इतक्या वर्षांत खोटे बोललो ते आज.

चैत्रात परशुराम नोटा घेऊन आला तेव्हा मी हिवतापाने अंथरुणावर होतो. त्यानेच पेटीत ठेवल्या आणि किल्ली माझ्या जानव्यास बांधली. बरा झाल्यावर पेटी उघडली, आकडे पाहिले, पुन्हा लावली. पाठ पाहिली नाही. तीस वर्षे जगाच्या कागदांच्या पाठी तपासल्या! मुलाने आणलेल्या कागदाची पाठ तपासावी असे मनातही आले नाही. विश्वास म्हणजे हेच ना?

म्हणजे फसवणूक एक नव्हे. दोन. आधी दर लपविला, मग नाव.


शनिवार, ता. २८

आज जे झाले ते शक्य तितके शब्दशः लिहितो, कारण उद्या मी त्यास माझ्या बाजूने वळण देईन.

संध्याकाळी तुळसेला ओटीवर बोलाविले. नोटा, दौत, टाक पुढे ठेवले. "येथे सही कर. रोख येईल. मग आगराचा व्यवहार करू."

तिने पदराला हात पुसले. बसली. अर्ज वाचला, नोटांची पुढची बाजू वाचली, पाठ वाचली. अक्षरओळख मीच करून दिली होती, तिच्या लग्नाआधी. मग टाक होता तेथे ठेवला.

"नाही, अप्पा."

"कारण?"

"मला कागदच हवा."

"साडेतीन टक्क्यांचा? आगर आठ-नऊ देईल."

"देईल."

"मग?"

"कुणाला देईल?"

"घराला. तू घरातच आहेस! तुला या घरात काही कमी पडलं कधी?"

"नाही. आत्यालाही नव्हतं पडलं."

ती खाली पाहून बोलत होती, आवाज न चढवता. हे वळण माझे. तिच्या आईचे नव्हे.

"आत्याला लुगडं हवं झालं की ती चार दिवस वाट बघायची. आईला विचारायची — आज अप्पाचं चित्त बरं आहे का गं? पूजा झाली का? पेन्शन आली का? आणि मग विचारायची. तुम्ही कधी नाही म्हटलं नाहीत, अप्पा. पण मागावं लागायचं."

"तिला मी दर पाडव्याला हिशेब देत होतो!"

"तिला वाचता येत नव्हतं."

रस्त्याने कोणी बैलगाडी हाकीत गेला. ती जाईपर्यंत आम्ही दोघे तिकडे पाहत राहिलो.

मी म्हणालो, "परशुरामाने मला न विचारता तुझं नाव घातलं."

"त्याला मी सांगितलं."

"कधी?"

"तुम्ही तापात होता तेव्हा. सोनं विकून तो आला होता. मला म्हणाला, तुळसे, थांबू या. पेढीवर सगळे कागद काढताहेत. आत्ता एकशेचार देशील आणि पावसाळ्यात शंभर हाती येतील, नाहीतर साडेतीनवर बसावं लागेल. मी म्हटलं, आजच घे. माझ्या नावानं घे. तो म्हणाला, अगं पण एकशेवीस रुपये फुकट जातील! मी म्हटलं, जाऊ देत, थांबलो तर अप्पा बरे होतील."

बोलून ती स्वतःच दचकली. शब्द मागे घ्यावा तसा हात ओठांशी नेला. मग तो खाली घेतला. शब्द मागे घेतला नाही.

"म्हणजे तुला ठाऊक होतं. दर उतरणार हे."

"हो."

"आणि एकादशीला त्याने मला जे नोकरीचं कारण सांगितलं?"

"ते मीच त्याला सांगून ठेवलं होतं. म्हटलं, रागावतील तर तुझ्यावर रागावू देत. तू मुंबईत असतोस. मला इथंच राहायचं आहे."

मी आकड्यांकडे वळलो. "तुळसे, व्याजाचा आठवा भाग गेला. वर एकशेवीस गेले."

"गेले. जे उरलं ते मागावं लागणार नाही."

"सरकार परकं आहे. आज साडेतीन केले, उद्या तीन करील. त्याची भीती वाटत नाही तुला?"

"वाटते की. पण सरकारला माझ्यावर रागवायला वेळ कुठं आहे?"

हे ती हसत म्हणाली असती तर मी उद्धटपणा म्हणून सोडून दिले असते. ती हसली नाही. दिवेलागणीची वेळ झाली म्हणून उठून गेली. नोटा बरोबर नेल्या.

निकाल: व्याज उतरणार हे परशुरामाला ठाऊक होते. त्याने मला सांगितले नाही. प्रतिज्ञा अक्षरशः सिद्ध झाली. आणि न मागता एक साक्षीदारही मिळाला. घरात माझी म्हणावी अशी दोन माणसे. तापात माझ्या कपाळावर पाण्याच्या घड्या ठेवणारी हीच दोघे, आणि तेव्हाच माझ्या पायथ्याशी बसून हे ठरवीत होती. मी बरा होण्याच्या आत!


रविवार, ता. २९

ताप नाही. तरीही जेवलो नाही.


सोमवार, ता. ३०

काळुराम आला. मी म्हणालो, बेत रहित. "कोनी मोरला?" त्याने विचारले. कागद बरा वाटला, असे सांगितले. तो माझ्या तोंडाकडे बराच वेळ पाहत राहिला. "तुमी नाय मोरला," म्हणाला आणि वहाणा नसलेले पाय झटकून गाडीत बसला.


गुरुवार, ता. २ ऑगस्ट

साडेतीन टक्के पत्करल्याचा अर्ज भाऊने घरी आणला. विधवेने खजिन्यात येणे नको म्हणून. तुळसेने माजघराच्या उंबऱ्याआतून सही केली. टाक एकदाही अडखळला नाही.

"पंत, अक्षर तुमचंच हो," भाऊ म्हणाला. "साक्षीला तुमची सही घालू?"

"साक्ष कशाची?" मी विचारले.

"ती राजीखुशीनं सही करते आहे याची."

मी उठून तळ्यावर गेलो. परत आलो तेव्हा भाऊ गेला होता. साक्ष शेजारच्यांची घेतली असावी. तुळसेने विचारले, "ताक घेता का?" घेतो म्हणालो. आंबट नव्हते.

तिच्या निर्णयास कारण शोधतो आहे. भाऊने सांगितलेली आणि माझी स्वतःची सारी तपासली — बँकांत पडून असलेला पैसा, विलायतेचे स्वस्त व्याज, टांकसाळ, रुपयाची घसरण, कापसाचा हंगाम. यांतले एकही लागू पडत नाही. नऊ टक्के दारात उभे असता शहाणे माणूस साडेतीन घेते, आणि तेही जादा भाव मोजून! ती अज्ञानी नाही. ते मी स्वतःच पाहिले. मग एखादे कारण माझ्या यादीतून सुटलेले असले पाहिजे.

परशुरामाला ये म्हणून लिहावयास बसलो. मायना लिहिला. पुढे सुचले नाही.


शनिवार, ता. ४ ऑगस्ट

सुटलेले कारण सापडले. धनको पैसा देताना ऋणकोची गरज पाहतो, बाजार पाहतो, हंगाम पाहतो; सर्वांआधी पाहतो ती स्वतःची भीती. जेथे भीती थोडी, तेथे थोडे व्याज चालते. जेथे ती फार, तेथे कितीही व्याज पुरत नाही. आगराचे नऊ तुळसेने नाकारले. ते माझ्या हातून येणार होते. सरकारचे साडेतीन घेतले. मधले साडेपाच टक्के म्हणजे मी.

दर कशाने ठरतो हे लिहिताना हे कारण गाळले. ही माझी चूक. कबूल.

यज्ञेश्वर महादेव ओगले